स्ट्रीमर खाली जातच नाही? अजून जड लाइन घ्यायच्या आधी हे वाचा

दर वर्षी ऑक्टोबर संपत आला, इथे मिशिगनमधली झाडं बोडकी व्हायला लागली की मला फ्लाय फिशिंगबद्दल एकच प्रश्न चार वेगवेगळ्या लोकांकडून येतो. सिंक टिप (पुढचं टोक बुडणारी लाइन) घेतली, जड डोळ्यांची फ्लाय घेतली, तरी स्ट्रीमर पाण्याखाली जेमतेम फूटभरच पळतोय, आता काय करू? आणि विचारतानाच माणसाने त्याहून जड लाइन कार्टमध्ये टाकून ठेवलेली असते, फक्त माझ्या "हो घे" ची वाट बघत असतो. मी हो म्हणत नाही. मी स्वतः तीन हिवाळे ह्याच चक्रात घालवलेत, गॅरेजमध्ये पाच स्पूल पडलेत आणि त्यातले दोन एकदा नदी बघून आले ते परत गेलेच नाहीत, बायको दर दिवाळीला साफसफाई करताना ते उचलून माझ्याकडे नुसती बघते, बोलत काही नाही.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. फ्लाय म्हणजे हुकावर बांधलेलं नकली आमिष. स्ट्रीमर म्हणजे किडा नाही, छोट्या माशाची किंवा जळूची नक्कल करणारी मोठी फ्लाय, केस, पिसं, सशाच्या कातडीची पट्टी वगैरे हुकावर बांधून केलेली. मोठा ब्राउन ट्राउट एका वयानंतर किडे टिपत बसण्यापेक्षा मासेच खातो, म्हणून स्ट्रीमर. आणि हा ब्राउन ट्राउट इकडचा नाहीच, जर्मनीहून अंडी आणून १८८४ मध्ये इथल्या बाल्डविन नदीत पिल्लं सोडली तिथून त्याचा अमेरिकेतला संसार सुरू झाला. म्हणजे तोही आपल्यासारखाच बाहेरून येऊन सेटल झालेला. इथल्या नद्यांमध्ये त्याचं आवडतं खाणं म्हणजे स्कल्पिन, चपट्या डोक्याचा छोटा मासा, त्याच्या पोटात हवेची पिशवीच नसते त्यामुळे तो दगडांच्या आसपास तळालाच असतो. आता असा मासा पृष्ठभागाखाली फूटभरावर झुपझुप पळताना दिसला तर ट्राउटला काय वाटत असेल? काहीच वाटत नसणार, तो खाली बसून राहतो.

आता मुद्दा. माझा मामा कोकणात खाडीवर गरवायचा. दोरी, गरी, आणि गरीच्या वर शिसं. पाणी ओढतंय असं वाटलं की अजून एक शिसं. संपला विषय, गरी तळाला. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हेच बसलेलं असतं की खाली जात नाही म्हणजे वजन कमी पडतंय. मामाचं बरोबरच होतं, कारण त्याची दोरी बारीक होती आणि गरी एका जागी पडून राहायची. आपली फ्लाय लाइन त्या दोरीच्या मानाने बुटाच्या नाडीएवढी जाड, ती धारेत आडवी पडलेली, आणि आपण वरून ती ताणून धरलेली. इथे शिशाचा हिशोब चालत नाही, इथे पतंगाचा चालतो.

संक्रांतीला गच्चीवर काय करायचो ते आठवा. वारा आहे, मांजा ताणून धरला की पतंग वर चढतो. ढील दिली की तो वाऱ्याबरोबर लांब जातो आणि खाली खाली येतो. नदीत अगदी तेच होतं, फक्त वाऱ्याच्या जागी पाणी. लाइन ताणली की फ्लाय वर. ढील असली की फ्लाय खाली. तुम्ही टी-१४ (झपाट्याने बुडणारी जड टिप) लावा नाहीतर लोखंडी नट बांधा, लाइन ताणलेली असेल तर ती उचलणारच. स्ट्रीमर खाली जात नाही ह्या तक्रारीचं मूळ दहातल्या आठ वेळा (हा माझा अंदाज, मोजलं नाहीये) ढील मिळालीच नाही हे असतं. वजनाचा नंबर नंतर येतो.

पटत नसेल तर गणित करू, सोपं आहे. सिंक लाइनवर टाइप ३, टाइप ६ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ साधारण तेवढे इंच दर सेकंदाला ती बुडते. पण हा आकडा स्थिर पाण्यातला, सैल सोडलेल्या लाइनचा. आता डोह ५ फूट खोल, म्हणजे ६० इंच. टाइप ६ ला तळापर्यंत जायला १० सेकंद. पाणी सेकंदाला ३ फूट वेगाने वाहतंय, हा काही फार वेग नाही, आपण त्याच्यात पँट ओली करत कसेबसे उभे राहू शकतो. मग १० सेकंदात फ्लाय धारेबरोबर किती पुढे वाहत जाणार? ३० फूट. म्हणजे ओंडक्याखाली मासा आहे आणि फ्लाय त्याच्या नाकासमोर खोलवर हवी असेल तर ती त्याच्यापासून धारेच्या वरच्या बाजूला ३० फुटांवर पडली पाहिजे, आणि ते ३० फूट ती सैल राहिली पाहिजे. आपण काय करतो? बरोबर ओंडक्याच्या समोर उभं राहतो, सरळ आडवा ४० फुटांचा सुंदर कास्ट मारतो (म्हणजे लाइन फेकतो), तीन सेकंदात धारेने लाइनला पोट येतं, ती ताणली जाते, फ्लाय तोपर्यंत जेमतेम दीड फूट बुडालेली असते आणि तिथून तिचा परतीचा प्रवास सुरू. मग आपण म्हणतो लाइन हलकी आहे.

टाइप ६ ऐवजी टी-१४ लावली, जी सेकंदाला अंदाजे ८-९ इंच बुडते, तर त्याच तीन सेकंदात काय मिळणार? अजून सहा ते नऊ इंच. सत्तर-ऐंशी डॉलर देऊन आठ इंच. त्याऐवजी दहा पावलं धारेच्या वरच्या दिशेला चालत गेलात तर फुकटात तीन फूट खोली मिळते.

पाण्याचा वेग कसा मोजायचा विचाराल तर काही उपकरण नको, काडी टाका, बरोबर काठाने चालण्यासारखी १० पावलं आधी मोजून ठेवा (साधारण २५ फूट धरा), आणि काडीला तेवढं जायला किती सेकंद लागतात बघा. मी अजूनही नव्या जागी हे करतो, लोक हसतात, हसू देत.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट, फ्लाय खरंच वर आहे का हे तपासलंय का? कारण "खाली जात नाही" हे बरेचदा नुसतं वाटणं असतं. पांढरी किंवा पिवळी फ्लाय लावा, ओळखीच्या डोहावर जा, आणि नेहमीसारखं टाका. दिसत राहिली तर वर आहे, सरळ आहे. आणि दिसेनाशी झाली पण तासाभरात एकदाही तळाला टक्क असं लागलं नाही, एकदाही हुकावर शेवाळ आलं नाही, काडी आली नाही, तर ती मध्येच कुठेतरी लटकतेय. तळाशी फ्लाय असली की कळतं, लाइन पकडलेल्या बोटाला बारीक टकटक जाणवते. ती टकटक म्हणजे आपलं मीटर.

आता मी ज्या क्रमाने गोष्टी बदलतो त्या क्रमाने सांगतो, फुकटातलं आधी.

पहिलं उभं राहायची जागा आणि कोन. मासा जिथे असेल असं वाटतंय तिथून वरच्या अंगाला जा, आणि कास्ट आडवा न मारता वरच्या दिशेला तिरका मारा, साधारण ४५ अंशात. फ्लाय पडली की ती तुमच्याकडे वाहत येते, ह्या वेळात लाइन आपोआप सैल असते, रॉड उंच धरून जादाची लाइन फक्त गोळा करत राहा, ओढू नका. गोळा करणं आणि ओढणं ह्यात फरक आहे आणि तो हाताला कळायला माझे दोन सीझन गेले. फ्लाय तुमच्या समोरून पुढे गेली की रॉड हळूहळू खाली आणत तिच्यामागे फिरवा, म्हणजे अजून थोडी ढील मिळते. मग शेवटी लाइन ताणली जाईल, फ्लाय वळेल, उचलली जाईल, आणि गंमत म्हणजे बरेचदा मासा त्याच क्षणी घेतो, तळातून वर पळणारं काहीतरी बघून. पण वर पळायला आधी ती तळाला हवी ना.

मेंड. म्हणजे पाण्यावर पडलेल्या लाइनचं पोट उचलून वरच्या दिशेला टाकणं. सिंक टिपवर हे पहिल्या एक-दोन सेकंदातच करावं लागतं, एकदा टिप बुडली की तुम्ही मेंड मारायला गेलात की मागचा तरंगता भाग उचलता उचलता टिपही वर येते आणि केलेली सगळी कमाई पाण्यात, म्हणजे पाण्याच्या वर. अख्खी बुडणारी लाइन असेल तर मेंडचा विचारच सोडा, तिथे कास्ट मारतानाच हवेत रॉड वरच्या बाजूला झुकवून लाइन वर टाकायची. नदीत पायी उतरून मासेमारी करणाऱ्याने म्हणूनच माझ्या मते अख्खी सिंकिंग लाइन घेऊ नये, पुढे ८ ते १० फूट बुडणारी टिप आणि मागे तरंगणारी लाइन हे पुरतं. तळ्याचं गणित वेगळं आणि होडीचंही वेगळं.

अजून एक युक्ती, मला इथल्या एका म्हाताऱ्या स्टीलहेडवाल्याने (स्टीलहेड म्हणजे नदीत चढून येणारा मोठा ट्राउट) शिकवली. कास्ट मारा, मेंड मारा, आणि मग स्वतः धारेच्या दिशेने दोन-तीन पावलं खाली चाला. तुम्ही चाललात तेवढी ढील लाइनला मिळाली. बस. मी इंजिनिअर माणूस, ह्या साध्या गोष्टीला इतकी वर्षं का लागली ह्याचं मला अजून वाईट वाटतं. (पाय जपून टाका मात्र, हिवाळ्यात वेडर्सचा (पाण्यात उतरायच्या विजारीचा) पट्टा घट्ट बांधा आणि हातात काठी घ्या, पाणी ४ अंशावर असताना पडायची मजा नाही.)

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची की नदीचा वेग वर आणि खाली सारखा नसतो. वरचं पाणी पळतं, तळाजवळचं चालतं, दगडांना घासून त्याचा वेग मोडतो. म्हणजे तरंगणारी लाइन वर पळतेय आणि फ्लाय खाली हळू, मग लाइन पुढे निघून जाते आणि फ्लायला कानाला धरून वर ओढते. म्हणूनच लाइन वरच्या बाजूला मेंड करायची. आणि म्हणूनच बारीक टिप जाड टिपेपेक्षा बरी, सारख्याच वजनात. टंगस्टनची पावडर मिसळलेल्या टिपा महाग असतात त्याचं कारण हेच, वजन तेवढंच पण जाडी कमी, धारेला पकडायला कमी जागा.

दुसरं, लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाला फ्लाय बांधायचा बारीक धागा. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो कारण दोन उलटे नियम आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. सिंक टिप आणि हलकी फ्लाय असेल तर लीडर आखूड, ३ ते ४ फूट, बस. टिप खाली गेली आणि पुढे ९ फुटांचा लीडर असेल तर टिप तळाला आणि फ्लाय वर फुग्यासारखी तरंगतेय, हे मी माझ्या डोळ्याने स्वच्छ पाण्यात बघितलंय आणि तेव्हा कळलं की आदला अख्खा महिना मी काय करत होतो. उलट, तरंगती लाइन आणि जड फ्लाय असेल तर लीडर लांब, ९ ते १२ फूट, आणि शक्यतो एकाच जाडीचा बारीक, कारण आता बुडायचं काम फ्लायला करायचंय आणि जाड लीडर तिला धरून ठेवतो. तुम्ही नक्की कुठल्या पद्धतीत आहात हे आधी ठरवा. स्ट्रीमरला लीडर लपावा म्हणून बारीक घ्यावा लागत नाही, १२-१५ पाउंड ताकदीचा बिनधास्त लावा, पण त्याहून जाड नको. फ्लोरोकार्बन नायलॉनपेक्षा जड असतो, घनता १.७८ विरुद्ध १.१४ वगैरे, ऐकायला भारी वाटतं पण तीन फुटात त्याने खोलीत काही जाणवण्यासारखा फरक पडत नाही. घासला जात नाही म्हणून घ्या, बुडतो म्हणून नको. आणि गाठ घट्ट न मारता लूपची मारा, फ्लायला मान हलवायला मोकळीक मिळते, नाक खाली करून पडते.

तिसरं, फ्लाय स्वतः. घरी बादलीत किंवा टबमध्ये टाकून बघा. मी टबमध्ये बघत होतो, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, बायको दार उघडून आत आली आणि तशीच परत गेली. पण त्या संध्याकाळी मला जे कळलं ते कुठल्या कॅटलॉगमध्ये नव्हतं. हरणाच्या केसांचं गोल डोकं असलेली फ्लाय, मडलर घराण्यातली, तरंगते. बुडतच नाही. कारण हरणाचा केस पोकळ असतो आणि डोकं कातरलेलं असलं तरी हवा धरून ठेवतं. सशाच्या पट्टीवाली फ्लाय आधी तरंगते, दाबून दाबून भिजवली की मग जाते, पण तिचा पसारा एवढा की छत्रीसारखी हळू हळू उतरते. आणि क्लाउझर मिनो, ज्याच्यात बकटेलचे (हरणाच्या शेपटीचे) चार केस, थोडी चमक आणि शिशाचे डोळे, ती सरळ दगडासारखी खाली. म्हणजे वजनाइतकंच, कदाचित जास्तच, अंग सडपातळ असण्याला महत्त्व आहे. आपल्याला वाटतं मोठा मासा हवाय तर फ्लाय गुबगुबीत हवी. ती दुकानात गुबगुबीत दिसते, मासे फसण्याआधी गिऱ्हाईक फसतं.

म्हणून नदीवर गेल्यावर पहिलं काम, फ्लाय पाण्याखाली धरून मुठीत पिळायची, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. पहिले पाच-सहा कास्ट लोक कोरड्या फ्लायने वाया घालवतात आणि बहुतेक वेळा पहिले पाच-सहा कास्टच त्या जागी सगळ्यात महत्त्वाचे असतात.

वजन वाढवायचंच असेल तर फ्लायमध्ये वाढवा, लाइनमध्ये नंतर. पितळेची घनता साधारण ८.५, शिशाची ११.३, टंगस्टनची १९.३, म्हणजे टंगस्टनचा तेवढाच छोटा मणी पितळेच्या दुप्पटीहून जड. यलोस्टोनसारख्या ठिकाणी शिसं चालतच नाही त्यामुळे तिकडे जाणार असाल तर टंगस्टनच्याच बांधा. पण मर्यादा आहे. जड फ्लाय ६ वेट रॉडने (वेट म्हणजे रॉड किती जड लाइन पेलतो त्याचा नंबर) मारताना मी एकदा वाऱ्यात कास्ट गडबडवला आणि हुक कानाच्या पाळीत. हुकाचा उलटा काटा चिमट्याने आधीच दाबलेला होता म्हणून सरळ निघाला, नाहीतर इमर्जन्सीमध्ये चार तास आणि वर बिल. तेव्हापासून टोपी, गॉगल आणि दाबलेला काटा ह्यावर माझ्याकडे चर्चा नाही. ऐन वेळी फ्लाय हलकी वाटली तर नाकाजवळ लीडरवर एक छोटं शिसं दाबायचं, मामाचा उपाय, चालतो, पण त्या पाण्याचे नियम आधी वाचा, काही भाग फक्त फ्लायसाठी राखीव असतात आणि तिथे हे चालेलच असं नाही.

मग येते लाइन. इथवर सगळं करून झालं आणि तरी टकटक लागत नाही, तर आता लाइनकडे बघू. डब्यावर काय लिहिलंय ते एकदा वाचा, हसू नका, एका मित्राने दोन वर्षं इंटरमीडिएट लाइनला सिंकिंग समजून वापरली, ती सेकंदाला एक-दीड इंच बुडते, म्हणजे ५ फुटाला पाऊण मिनिट, तोवर ती पुढच्या गावात पोचते. टी-८, टी-११, टी-१४ ह्यातला आकडा म्हणजे एका फुटाला इतके ग्रेन वजन, १ ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम. १० फूट टी-१४ म्हणजे १४० ग्रेन, नऊ ग्रॅम. एवढंसंच ना, पण हवेत फिरवताना कळतं. माझ्या ७ वेट रॉडला अख्ख्या डोक्याची (म्हणजे पुढच्या जड भागाची) २५० ग्रेनची लाइन बरी पडते, ६ वेटला २००. त्याच्यापुढे गेलात की रॉड रडतो आणि खांदाही. अजून एक बारकावा, अख्खी सिंकिंग लाइन घेत असाल तर ज्यात टोक आणि पोट सारख्या वेगाने बुडतं अशी घ्या, डब्यावर डेन्सिटी कॉम्पेन्सेटेड असं लिहिलेलं असतं. जुन्या साध्या लाइनमध्ये जाड पोट आधी बुडतं आणि बारीक टोक, जिथे आपली फ्लाय आहे, ते मागे वर राहतं. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेल्या माझ्या दोन स्पूलांपैकी एक हीच.

आता स्ट्रिप, म्हणजे लाइन हाताने ओढून फ्लाय पळवणं. इथे बरीच मंडळी मिळवलेली खोली घालवतात. फ्लाय पडली की लगेच ओढायला सुरुवात, सर सर सर, कारण व्हिडिओमध्ये तसं दिसतं. प्रत्येक ओढ म्हणजे फ्लाय थोडी वर. थांबलात तर थोडी खाली. तुम्ही थांबलाच नाहीत तर हिशोब एकाच बाजूला चाललाय. आधी मोजा, डोहाच्या खोलीप्रमाणे पाच, सात, दहा, मग ओढा. आणि ओढताना झटका आणि विश्रांती असं, रॉडचं टोक पाण्यात ठेवून रॉडनेच आडवा झटका द्यायचा, मग रॉड परत फ्लायकडे नेत सैल झालेली लाइन हाताने गोळा करायची. त्या परत नेण्याच्या अर्ध्या सेकंदात लाइन सैल असते, फ्लाय मान टाकून आडवी होते, पडते. मेलेल्या माशासारखी. बहुतेक धडका तेव्हाच बसतात. मिशिगनमधून मोंटानाला गेलेल्या केली गॅलपने हा झटक्याचा प्रकार लोकप्रिय केला, आणि तो जे बोलतो त्यातलं अर्धं लोक ऐकतात, झटका ऐकतात, विश्रांती ऐकत नाहीत.

होडीतून टाकत असाल तर थोडक्यात एवढंच की होडी धारेबरोबर वाहत असते तोपर्यंत ढील आपोआप मिळते, पण वल्हवणारा होडी थांबवायला लागला की लाइन ताणली जाते आणि फ्लाय वर. त्याला आधीच सांगून ठेवा की फ्लाय पडल्यावर दोन-तीन सेकंद वाहू दे. त्याचा मूड बघून सांगा. ऑ सेबल नदीवर जुन्या पद्धतीच्या लांबलचक अरुंद होड्या असतात, बांबूसारख्या काठीने ढकलायच्या आणि वेग कमी करायला मागे लोखंडी साखळी तळाला घासत न्यायची. माझ्या पहिल्या ट्रिपला अख्ख्या होडीत तळाला पोचलेली वस्तू म्हणजे ती साखळी.

बरं, प्रत्येक वेळी तळ गाठायलाच हवा का? नाही. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. ऑ सेबलचा ग्रेलिंग गावाखालचा वरचा भाग, जिथे १९५९ मध्ये ट्राउट अनलिमिटेड ही ट्राउटच्या नद्या जपणारी संस्था सुरू झाली तो पट्टा, झऱ्यांच्या पाण्याचा, वाळूचा, बराचसा मांडीइतका खोल. तिथे टी-१४ लावणं म्हणजे वाटीतलं वरण ढवळायला झारा. तरंगती लाइन आणि एक क्लाउझर, झालं. ऑ सेबलच्याच साउथ ब्रांच ह्या फाट्यावर मेसन ट्रॅक्ट आहे, गाड्यांच्या धंद्यातल्या जॉर्ज मेसनने १९५४ मध्ये जाताना लोकांसाठी दिलेली जमीन, तिथेही तेच. खोलीची खरी मारामारी ऑ सेबलवर मिओ धरणाच्या खाली, मॅनिस्टी नदीवर टिपी धरणाच्या खाली, मस्कीगॉन नदीवर क्रोटन धरणाच्या खाली, जिथे पाणी मोठं आणि डोह डोक्याबाहेर. आणि हंगामाचंही आहे, मे-जूनमध्ये पाऊस पडून पाणी गढूळ झालं की ब्राउन ट्राउट काठाला फूटभर पाण्यात येऊन फ्लायवर झेप घेतो, तेव्हा तळ शोधत बसलात तर तुम्ही त्याच्या खालून जाताय. पण नोव्हेंबरनंतर पाणी ५ अंशाच्या खाली गेलं की तो अंग हलवायला तयार नसतो, त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर ताट नेऊन द्यावं लागतं. थंडीतला जावई.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी, हिमाचलमध्ये तीर्थन नदीच्या ब्राउन ट्राउटला हे जसंच्या तसं लागू आहे, फक्त तिथलं पाणी जास्त खळाळतं आणि डोह छोटे, म्हणून टिप ५-६ फुटांची पुरते आणि ढील द्यायला जागा कमी मिळते, तेव्हा कोन आणि जड सडपातळ फ्लाय ह्यावर भर द्या. महसीरला, म्हणजे आपल्या खडसला, तो मोठ्या वाहत्या नदीत असेल तर लाइनचं गणित सेमच, हुक आणि लीडर मात्र दणकट लागतात.

आणि उलटी तक्रार. हे सगळं केलं आणि आता प्रत्येक कास्टला फ्लाय ओंडक्यात अडकतेय. अभिनंदन, तुम्ही पोचलात. आता फ्लाय हलकी करू नका लगेच, आधी पाच पावलं खाली सरका किंवा मोजायचे सेकंद दोनने कमी करा. खूपच लाकूड असेल तर मगाशी ज्या हरणाच्या डोक्याला मी नावं ठेवली तीच फ्लाय आखूड लीडरवर सिंक टिपला लावा, टिप तळाला घासत जाते आणि फ्लाय तिच्यावर हातभर तरंगत ओंडक्यांच्या डोक्यावरून जाते. दोष आणि गुण एकच. अडकलीच तर ज्या दिशेने अडकली त्याच दिशेने ओढत राहू नका, ती अजून घुसते, वरच्या अंगाला जा किंवा सैल लाइनचा गोळा पलीकडे फेकून उलट्या बाजूने ओढ येऊ द्या. तरी नाही निघाली तर तोडा. दिवसाला दोन फ्लाय गेल्या तर मी तो दिवस चांगला धरतो, एकही गेली नाही तर मला शंका येते.

मागच्या महिन्यात ज्याने हा सगळा प्रश्न परत सुरू केला तो नोव्हाय गावचा मित्र, कार्टमध्ये टी-१७ टाकून बसलेला, त्याला मस्कीगॉनवर घेऊन गेलो. लाइन तीच, टाइप ६. लीडर बघितला तर साडेसात फुटांचा, दुकानातला, तो कापून साडेतीन केला. फ्लाय पिळायला लावली. मग जिथे तो उभा होता तिथून बारा पावलं वर नेऊन उभा केला आणि म्हटलं आता वर तिरका मार आणि दहा मोजेपर्यंत काही करू नकोस, हात खिशात घातलास तरी चालेल. पहिल्या दोन कास्टला त्याच्याच्याने राहवलं नाही, चार मोजून ओढायला लागला. तिसऱ्याला राहिला. सात वर त्याचे डोळे मोठे झाले, "अरे, टकटक होतंय काहीतरी", आणि लगेच त्याने जिवाच्या आकांताने रॉड उचलला, रॉड वाकला, तो ओरडला, मी जाळं घेऊन धावलो, आणि पाच मिनिटांच्या झुंजीनंतर आम्ही दोघांनी मिळून एक तीन फुटांची काळी फांदी बाहेर काढली. त्याने तिचा फोटो काढला. टी-१७ कार्टमधून काढली का ते मी अजून विचारलेलं नाही.